टॅब गोठवणं वेगळं, टॅब उतरवणं वेगळं

प्रश्न थोडक्यात असा: ८ जीबी रॅमचा लॅपटॉप, क्रोममध्ये साठ-सत्तर टॅब कायम उघडे आणि दुपार होईपर्यंत मशीन रखडायला लागतं. मागे पडलेले टॅब थांबवून मेमरी वाचवणारी क्रोमची मेमरी सेव्हर ही सोय चालू केली, तरी मेमरीचा आकडा म्हणावा तितका खाली आला नाही. उलट एका टॅबमध्ये अर्धवट लिहिलेला मजकूर पान पुन्हा लोड झाल्यामुळे गेला. मग ही सोय ठेवावी की बंद करावी? आणि तिच्याऐवजी एखादं एक्स्टेन्शन, म्हणजे ब्राउझरला जोडायचा छोटा प्रोग्रॅम, बरं पडेल का?

सोय ठेवा, पण तिला अपवाद शिकवा. एक्स्टेन्शनची गरज बहुतेकांना पडत नाही. आकडा का उतरला नाही आणि मजकूर का गेला, या दोन्हींची उत्तरं एकाच ठिकाणी आहेत. ब्राउझर टॅब ‘थांबवतो’ म्हणजे नेमकं काय करतो, ते आधी पाहू.

मागे पडलेल्या टॅबवर ब्राउझर तीन पायऱ्यांनी आवर घालतो. पहिली पायरी म्हणजे वेग कमी करणं. टॅब नजरेआड गेला की त्याचे टायमर, म्हणजे पानाच्या कोडने ठरावीक वेळाने करायला लावलेली कामं, सेकंदाला एकदाच चालतात. क्रोमच्या ८८व्या आवृत्तीपासून, म्हणजे २०२१च्या सुरुवातीपासून, पाच मिनिटांहून जास्त वेळ दडलेल्या शांत टॅबचे टायमर मिनिटाला एकदाच जागे होतात. यातून प्रोसेसर आणि बॅटरी वाचते. मेमरी जिथल्या तिथे राहते.

दुसरी पायरी गोठवण्याची. पानावरचा सगळा कोड थांबतो, पण पान, त्यावरची चित्रं, कोडने गोळा केलेली माहिती हे सारं रॅममध्येच असतं. कुणी हात लावत नसल्यामुळे ऑपरेटिंग सिस्टिम तो भाग दाबून ठेवू शकते किंवा डिस्कवर टाकू शकते, म्हणजे थोडी मेमरी आडमार्गाने सुटते. टॅबवर परत आलात की पान लगेच तिथूनच पुढे चालू होतं, काहीही हरवत नाही. मायक्रोसॉफ्टच्या एज ब्राउझरमधले स्लीपिंग टॅब मुख्यतः या जातीचे. तेही ८८व्या आवृत्तीत, जानेवारी २०२१मध्ये आले.

तिसरी पायरी उतरवण्याची. ट्रकमधून माल उतरवावा तसं पान रॅममधून पूर्ण काढलं जातं. टॅबच्या पट्टीवर नाव आणि चिन्ह दिसत राहतं, मागे-पुढे जाण्याचा इतिहास आणि स्क्रोल कुठे होतं याची नोंद राहते, पण प्रत्यक्ष पान कुठेच नसतं. क्लिक केलंत की ते नेटवरून पुन्हा आणावं लागतं. क्रोमचं मेमरी सेव्हर आणि फायरफॉक्सचं टॅब अनलोडिंग ही या जातीची साधनं. मेमरी खरी सुटते ती इथेच, आणि मजकूर जातो तोही इथेच.

क्रोममध्ये टॅब उतरवण्याची यंत्रणा २०१५पासून, म्हणजे ४५व्या आवृत्तीपासून आहे. तेव्हा ती फक्त मेमरी संपत आली की जागी व्हायची. डिसेंबर २०२२मध्ये, १०८व्या आवृत्तीसोबत आलेलं मेमरी सेव्हर तेच काम आणीबाणीची वाट न पाहता आधीच करतं. म्हणून मेमरी सेव्हर बंद केलं की टॅब कधीच उतरणार नाहीत, हा समज चुकीचा आहे. मेमरी फारच कमी पडली तर ब्राउझर ते तरीही करेल, आणि तेव्हा तुमच्या सोयीची वेळ पाहणार नाही.

आता आकड्याकडे वळू. काहीही बदलण्याआधी मोजा, आणि मोजताना ऑपरेटिंग सिस्टिमचा नव्हे, ब्राउझरचा स्वतःचा टास्क मॅनेजर वापरा. विंडोज आणि लिनक्सवर क्रोममध्ये शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबा. मॅकवर विंडो मेनूत टास्क मॅनेजर आहे. मेमरी फूटप्रिंट या स्तंभाच्या डोक्यावर क्लिक करून मोठे आकडे वर आणा. मग त्याच शीर्षकपट्टीवर उजवं क्लिक करून प्रोसेस आयडीचा स्तंभही चालू ठेवा. तो का लागतो ते पुढे येईलच.

या यादीत साधारणपणे असं दिसतं: वरच्या चार-पाच ओळी बाकीच्या सगळ्यांना भारी पडतात. मेल, चॅट, नकाशे, ऑनलाइन स्प्रेडशीट, डिझाइनची साधनं यांतली एकेक कित्येकशे एमबी घेऊन बसलेली असते. साधा लेख त्याच्या एका अंशात मावतो. म्हणजे पन्नास लेख उतरवले आणि पाच जड टॅब तसेच राहिले, तर फरक जाणवतच नाही. आणि हे पाच जड टॅबच अनेकदा क्रोम स्वतःहून उतरवत नाही, कारण ते नोटिफिकेशन देतात, आवाज करतात किंवा पिन केलेले असतात.

आकडा न उतरण्याचं दुसरं कारण सहसा लक्षात येत नाही. प्रत्येक टॅबला स्वतंत्र प्रोसेस, म्हणजे सिस्टिमवर वेगळा चालणारा प्रोग्रॅम, मिळते असं आपण धरून चालतो, पण तसं नेहमी होत नाही. एका पानावरून उघडलेलं त्याच साइटचं दुसरं पान बऱ्याचदा आधीच्याच प्रोसेसमध्ये बसतं. शिवाय प्रोसेसची संख्या मशीनच्या रॅमनुसार ठरलेल्या मर्यादेपाशी आली, की ब्राउझर एकाच साइटचे टॅब एकत्र कोंबायला लागतो. अशा वेळी एक टॅब उतरवला, तरी शेजारचा जागा असेपर्यंत ती प्रोसेस जिवंत राहते आणि तिने घेतलेली मेमरी लगेच परत करत नाही. प्रोसेस आयडीचा स्तंभ यासाठीच. दोन-तीन ओळींवर एकच क्रमांक दिसला, तर तिथे एकेक टॅब उतरवून फारसं काही मिळणार नाही. त्या साइटचे सगळे टॅब मिटवले की प्रोसेस बंद होते आणि आकडा एकदम खाली येतो.

उलट एकाच टॅबला अनेक प्रोसेस लागतात, हेही खरं. २०१८मध्ये क्रोमच्या ६७व्या आवृत्तीत साइट आयसोलेशन डेस्कटॉपवर जवळपास सर्वांसाठी चालू झालं. पानात दुसऱ्या साइटची चौकट असेल, उदाहरणार्थ जाहिरात किंवा प्रतिक्रियांचा डबा, तर तिला वेगळी प्रोसेस मिळते. टास्क मॅनेजरमध्ये ती सबफ्रेम म्हणून दिसते. एका साइटने दुसरीची माहिती चोरू नये यासाठी हे केलं आणि त्याची किंमत एकूण मेमरीत १० ते १३ टक्के वाढ अशी गूगलनेच सांगितली होती. हे आयसोलेशन बंद करण्याचे जुगाड सुचवले जातात. ते करू नका. थोड्या मेमरीसाठी सुरक्षेची भिंत पाडणं कुठल्याच हिशेबात बसत नाही.

तिसरं कारण मोजणीतलं आहे. ऑपरेटिंग सिस्टिमच्या यादीतले ब्राउझरच्या प्रोसेसचे आकडे बेरजेला घेतले, तर अनेक प्रोसेस मिळून वापरत असलेली सामायिक मेमरी अनेक वेळा मोजली जाण्याची शक्यता असते. आणि सुटलेली मेमरी सिस्टिम फायलींच्या कॅशसाठी, म्हणजे त्या हाताशी ठेवण्यासाठी, लगेच वापरते, त्यामुळे ‘मोकळी’ रॅम वाढलेली दिसत नाही. लिनक्सवर फ्री कमांडच्या उत्तरात फ्री नव्हे, अव्हेलेबल हा स्तंभ पाहा. विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स, मग मेमरी, तिथे अव्हेलेबल आणि कमिटेड हे दोन आकडे पाहा. मॅकवर अ‍ॅक्टिव्हिटी मॉनिटरमध्ये मेमरी प्रेशरचा आलेख असतो. तो हिरवा असेल तर आकडा कितीही मोठा दिसो, काळजीचं कारण नाही. मशीन रखडतं ते रॅम भरल्यामुळे नव्हे, तर भरल्यावर डिस्कवर ये-जा सुरू झाल्यामुळे. भरलेली पण शांत रॅम हे निरोगी मशीनचं लक्षण आहे.

आता मांडणी. क्रोममध्ये सेटिंग्ज, मग परफॉर्मन्स, तिथे मेमरी सेव्हर. नव्या आवृत्त्यांमध्ये तीन पातळ्या आहेत. मॉडरेट फक्त सिस्टिमला मेमरी कमी पडू लागली की टॅब उतरवतं. बॅलन्स्ड तुमच्या वापराची सवयही विचारात घेतं. मॅक्झिमम तुम्ही टॅब सोडल्यावर थोड्याच वेळात उतरवतं. ८ जीबीसाठी बॅलन्स्ड बरोबर आहे, १६ किंवा त्याहून जास्त असेल तर मॉडरेट पुरतं, आणि मॅक्झिमम मी फक्त ४ जीबीच्या मशीनवर सुचवेन. कारण सरळ आहे: दहा टॅबांमध्ये सतत फिरणाऱ्या माणसाला मॅक्झिमम महागात पडतं. प्रत्येक परतीला पान नव्याने येतं, कोड नव्याने चालतो, आणि लोड होताना पान काही क्षण स्थिरावल्यानंतरच्यापेक्षा जास्त मेमरीही ओढू शकतं. नेटचा डेटा खर्च होतो तो वेगळाच.

त्याच पानावर उतरलेल्या टॅबांभोवती ठिपक्यांचं वर्तुळ दाखवण्याची सोय आहे. ती चालू ठेवा, म्हणजे कुठला टॅब जिवंत आणि कुठला नाही ते पट्टीवर नजर टाकताच कळतं. टॅबवर माउस नेला की येणाऱ्या छोट्या कार्डात त्या टॅबची मेमरीही दाखवता येते.

सगळ्यात महत्त्वाची आहे ‘नेहमी चालू ठेवायच्या साइट’ ही यादी. ती नीट भरली तर मजकूर जाण्याची तक्रार बहुतेक मिटते. क्रोम स्वतःहून काही टॅबांना हात लावत नाही: आवाज किंवा व्हिडिओ चालू असलेले, कॉल किंवा स्क्रीन शेअर चालू असलेले, डाउनलोड सुरू असलेले, यूएसबी किंवा ब्लूटूथ उपकरण जोडलेले, नोटिफिकेशन देणारे, पिन केलेले आणि अर्धवट भरलेला फॉर्म असलेले. मग तुमचा मजकूर का गेला? कारण सगळं लेखन साध्या फॉर्मच्या चौकटीत होत नाही. अनेक संपादक स्वतःची लेखनपाटी रंगवतात, आणि तुम्ही तिथे काही लिहिलंय हे ब्राउझरला दर वेळी ओळखता येतंच असं नाही. पाच पायऱ्यांच्या अर्जात तिसऱ्या पायरीवर असाल, तर आधीच्या दोन पायऱ्यांची उत्तरं कुठल्याच चौकटीत नसतात. ती कोडच्या डोक्यात, म्हणजे रॅममध्ये असतात. पान उतरलं की तीही गेली.

कुठला टॅब उतरवायला सुरक्षित आहे, हे ओळखायची एक साधी चाचणी आहे. त्या टॅबचा पत्ता अ‍ॅड्रेस बारमधून कॉपी करा, रिकामा टॅब उघडा, तिथे चिकटवा आणि एंटर दाबा. जुना टॅब मात्र तसाच राहू द्या. नव्या टॅबमध्ये तंतोतंत तेच दिसलं, तर हा टॅब कितीही वेळा उतरला तरी बिघडत नाही. लॉगिनचं पान आलं, पहिली पायरी आली, लावलेले फिल्टर गायब झाले, किंवा शोधाचे निकाल जाऊन कोरा शोधफॉर्म आला, तर ती साइट अपवादाच्या यादीत टाका. बँकेच्या साइटबाबत मात्र यादीचा उपयोग मर्यादित आहे. टॅब जागा राहिला, तरी ठरावीक वेळ काही हालचाल नसेल तर समोरचा सर्व्हरच तुम्हाला बाहेर काढतो. तो दोष टॅबचा नाही.

थांबवलेल्या गाण्याची गंमत लक्षात ठेवण्यासारखी आहे. आवाज चालू असेपर्यंत टॅब सुरक्षित असतो. तुम्ही पॉज केलंत की तो साधा टॅब होतो आणि यथावकाश उतरतो. परतल्यावर दीड तासाचं व्याख्यान पहिल्या सेकंदापासून सुरू होऊ शकतं. अशा साइटही यादीत हव्यात.

एजमध्ये कालावधी स्वतः निवडता येतो, अगदी ३० सेकंदांपासून कित्येक तासांपर्यंत. गोठलेला टॅब जागच्या जागी परत येतो, म्हणून तिथे १५ किंवा ३० मिनिटांसारखा कमी वेळ ठेवायला हरकत नाही. फक्त एजमध्ये मेमरीचा आकडा क्रोमइतका खाली येण्याची अपेक्षा धरू नका. तिथे मोठा फायदा प्रोसेसर आणि बॅटरीचा.

फायरफॉक्सचा स्वभाव आणखी वेगळा. ९३व्या आवृत्तीपासून, म्हणजे ऑक्टोबर २०२१पासून, विंडोजवर तो मेमरी खरोखर कमी पडली तरच टॅब उतरवतो, आणि सर्वांत जास्त काळ न पाहिलेल्यापासून सुरुवात करतो. शेवटच्या दहा मिनिटांत पाहिलेल्या टॅबला तो हात लावत नाही. अ‍ॅड्रेस बारमध्ये इंग्रजीत अबाउट, कोलन, अनलोड्स असं टाइप केलं की कुठला टॅब कुठल्या क्रमाने जाणार त्याची यादीच दिसते, आणि तिथल्या बटणाने पुढचा टॅब हाताने उतरवताही येतो. जून २०२५मधल्या १४०व्या आवृत्तीपासून टॅबवर उजवं क्लिक करून अनलोड टॅब निवडलं तरी पुरे. आणि एक जुनी, फुकटची युक्ती: फायरफॉक्स बंद करून मागच्या सत्रासह पुन्हा उघडला, तर मागचे टॅब तुम्ही क्लिक करेपर्यंत लोडच होत नाहीत. शंभर टॅब असलेल्यांसाठी एवढा एक रीस्टार्ट बाकी सगळ्या उपायांना भारी आहे.

क्रोममध्ये हाताने उतरवायचं असेल तर अ‍ॅड्रेस बारमध्ये इंग्रजीत क्रोम, कोलन, दोन स्लॅश आणि डिस्कार्ड्स टाइप करा. सगळ्या टॅबांचा तक्ता येतो. प्रत्येक ओळीत अर्जंट डिस्कार्ड अशी कृती आहे आणि ऑटो डिस्कार्डेबल या स्तंभात तो टॅब आपोआप उतरवायचा की नाही ते बदलता येतं. टास्क मॅनेजर शेजारी उघडा ठेवून इथे एक जड टॅब उतरवून पाहा. त्याची ओळ यादीतून नाहीशी झाली तर मेमरी सुटली. प्रोसेस आयडी दुसऱ्या ओळीवर तसाच राहिला, तर वर सांगितलेली भागीदारी आहे.

एक्स्टेन्शनबद्दल सावध राहा, आणि त्यामागे ठोस कारण आहे. द ग्रेट सस्पेंडर हे या कामाचं सर्वांत लोकप्रिय एक्स्टेन्शन होतं. मूळ निर्मात्याने २०२०मध्ये ते दुसऱ्याला विकलं, आणि फेब्रुवारी २०२१मध्ये गूगलने त्यात घातक कोड असल्याचं सांगून ते वापरकर्त्यांच्या ब्राउझरमध्ये थेट बंद केलं. त्याबरोबर लोकांचे थांबवलेले टॅबही गेले. का गेले, ते समजून घ्या. हे एक्स्टेन्शन ब्राउझरची उतरवण्याची सोय वापरत नव्हतं. टॅबमध्ये मूळ पानाच्या जागी स्वतःचं एक हलकं पान आणून ठेवायचं. म्हणजे टॅबचा पत्ताच एक्स्टेन्शनचा झालेला असायचा. एक्स्टेन्शन गेलं की पत्ताही मेला. सुदैवाने त्या लांबलचक पत्त्याच्या शेवटी यू-आर-आय आणि बरोबरचं चिन्ह, त्यापुढे मूळ पत्ता लिहिलेला असे. ब्राउझरच्या इतिहासातून तो शोधून, त्या चिन्हापुढचा भाग तेवढा कापून चिकटवला की पान परत मिळायचं. टॅब थोडे असतील तर ठीक. तीनशे असतील तर दिवस गेला.

म्हणून एक्स्टेन्शन घ्यायचंच तर ब्राउझरचीच उतरवण्याची सोय वापरणारं घ्या. ऑटो टॅब डिस्कार्ड हे त्यांपैकी एक. ओळखायची खूण सोपी: टॅब थांबवल्यावर अ‍ॅड्रेस बारमध्ये मूळ साइटचाच पत्ता दिसला पाहिजे. असं एक्स्टेन्शन काढून टाकलं तरी टॅब जागेवर राहतात. आणि सगळ्या साइटवरची सगळी माहिती वाचण्याची परवानगी मागणारं एक्स्टेन्शन मेमरी वाचवायला घेताना दोनदा विचार करा. एक्स्टेन्शनची स्वतःचीही मेमरी असते. टास्क मॅनेजरमध्ये त्यांच्या ओळी एकदा नीट पाहा. काही एक्स्टेन्शन प्रत्येक पानात स्वतःचा कोड घुसवतात. तो भार त्यांच्या ओळीत नव्हे, टॅबच्या ओळीत दिसतो. शंका असेल तर एक्स्टेन्शन एकेक करून बंद करा, पान रीलोड करा आणि आकडा पुन्हा पाहा.

काही दुखणी टॅब थांबवून बरी होणारच नाहीत. समोर उघडा असलेला टॅबच तासागणिक फुगत असेल, तर पानाच्या कोडमध्ये गळती आहे, म्हणजे घेतलेली मेमरी तो परत सोडत नाही. ब्राउझर चालू टॅबला कधीच उतरवत नाही, त्यामुळे मेमरी सेव्हर इथे निरुपयोगी ठरतं. सकाळचा आकडा लिहून ठेवा. दुपारी तो दुप्पट झाला असेल तर काम जतन करून रीलोड करा. दिवसभर उघडे राहणारे डॅशबोर्ड आणि चॅटची पानं यात वारंवार सापडतात.

नेट नसताना उतरवलेला टॅब म्हणजे कोरं पान, हेही ध्यानात असू द्या. प्रवासात वाचायला म्हणून दहा लेख उघडून ठेवले आणि मध्ये तास-दोन तास दुसरं काम केलं, तर त्यांतले बरेच उतरलेले असतील आणि नेटशिवाय उघडणार नाहीत. असे लेख कंट्रोल आणि एस दाबून जतन करा किंवा प्रिंटमधून पीडीएफ काढा. फोनवर तर हे आणखी लवकर होतं, कारण तिथे दुसरं मोठं अ‍ॅप उघडलं की सिस्टिम ब्राउझरची मागची पानं काढून घेते आणि त्यावर तुमचा ताबा जवळपास नसतो.

राहिले ते आठवडाभर न उघडलेले टॅब. उतरवलेल्या टॅबलाही ब्राउझरला नाव, चिन्ह, इतिहास सांभाळावा लागतो. एकाचा भार नगण्य असतो, दोनशेंचा दिसतो. ते टॅब एका वेगळ्या खिडकीत ओढा, कंट्रोल, शिफ्ट आणि डी दाबून सगळे एकदम एका फोल्डरमध्ये बुकमार्क करा, फोल्डरला तारखेचं नाव द्या आणि ती खिडकी बंद करा. चुकून महत्त्वाचं काही मिटलंच, तर कंट्रोल, शिफ्ट आणि टी दाबल्यावर पूर्ण खिडकी परत येते.